घ्या, धरा, सोडा

१

मी पोटाची सोनोग्राफी शिकवते. आमच्या कोर्सला येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच चूक करतो. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा दांडा, पेशंटच्या पोटावर ठेवतो, पडद्यावर काहीतरी करडं-काळं दिसायला लागतं, आणि तेवढ्यात कोणी हाक मारली की हा मान वळवतो. मान वळली की मनगट वळतं, मनगट वळलं की प्रोब उचलला जातो आणि चित्र गायब. मग मी ओरडते, "हात उचललात की पेशंट गेला!" सगळे हसतात. हा विनोद मी दर बॅचला करते आणि दर बॅच नव्यानं हसते, कारण हसलं नाही तर बाई जास्त ओरडतात हे त्यांना पहिल्या तासातच कळलेलं असतं.

शिकवायची खोली रुग्णालयाच्या तळघरात आहे. पडदे काळे, दिवे मंद, दोन बेड, दोन मशीन आणि मध्ये एक हिरवा पडदा. एका बेडवर मी शिकवते, दुसऱ्यावर आमचे सर. कोर्सला डॉक्टर येतात, नर्स येतात. शिकून आपापल्या छोट्या दवाखान्यांत परत जातात. तिथे विचारायला कोणी नसतं, म्हणून मी इथेच त्यांना पिळून काढते. जेलची बाटली जरा जास्त दाबली तरी माझं सुरू होतं, "बापाचा माल आहे का?"

दुसरी गोष्ट श्वासाची. लिव्हर बरगड्यांच्या आड दडून बसलेलं असतं. पेशंटनं खोल श्वास घेऊन धरला की ते खाली सरकतं आणि मग नीट दिसतं. त्यासाठी तीन शब्द असतात. घ्या, धरा, सोडा. पहिले दोन सगळे म्हणतात. तिसरा विसरतात. चित्र छान मिळालं की डॉक्टरसाहेब त्यातच रमतात, आणि बेडवरचा माणूस बिचारा छाती फुगवून छताकडे बघत पडलेला. म्हणून मी हे तीन शब्द चालीवर पाठ करून घेते. "श्वास घ्याऽ... धराऽ... आणि सोडा." पाढे म्हणतात तसे सगळे एका सुरात म्हणतात.

या बॅचमध्ये एक चष्मेवाली नर्स होती. काम चोख, पण आवाज असा की शेजारच्यालाही ऐकू येऊ नये. मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. "अहो, पेशंटला ऐकू गेलं तर तो श्वास घेणार ना? पडद्यापलीकडच्या बेडपर्यंत आवाज गेला पाहिजे." ती लाल झाली आणि मान डोलावली.

आणि एक तरुण डॉक्टर होते, त्यांचं नाव मी शंकासुर ठेवलं होतं. त्यांना प्रत्येक वाक्याला शंका. मी "हे लिव्हर" म्हटलं तरी "कशावरून?" विचारतील असे.

बेडवर झोपायला आमचे नेहमीचे काका. रिटायर झालेले ड्रायव्हर, तब्येतीनं ठणठणीत. प्रत्येक बॅचला येऊन पडतात, विद्यार्थी त्यांच्या पोटावर हात साफ करून घेतात, आणि काकांची टकळी अखंड चालू. "मॅडम, माझं लिव्हर तुम्ही जेवढं बघितलंत ना, तेवढं माझ्या बायकोनं माझं तोंडही बघितलं नसेल." हा त्यांचा विनोद. तोही दर बॅचला.

२

त्या दिवशी मी आरसा शिकवत होते. दोन्ही बेडची मुलं माझ्याभोवती गोळा झाली होती.

आरसा म्हणजे असं. पडद्यावर लिव्हरच्या कडेला एक पांढरी कमान दिसते, ते श्वासपटल. त्याच्या पलीकडे छाती, म्हणजे हवा. तिथे खरं तर काहीच दिसायला नको. पण मशीनचा आवाज, जो आपल्या कानाला ऐकू येत नाही, त्या कमानीवर आपटून परत येतो, मशीन फसतं, आणि कमानीपलीकडे लिव्हरची दुसरी प्रत काढून दाखवतं. तलावाच्या काठावरचं झाड पाण्यात दिसावं तशी. नवखा माणूस ते बघून घाबरतो, छातीत काहीतरी वाढलंय म्हणतो.

"श्वास घ्या काका. धरा," मी म्हटलं. चित्र खाली सरकलं आणि थांबलं. अगदी पुस्तकात छापावं असं. "बघा. कमानीच्या अलीकडे खरं, पलीकडे खोटं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. पलीकडचं बघायचं नाही, रिपोर्टात लिहायचं नाही, पेशंटला सांगायचं नाही."

"मॅडम," शंकासुर म्हणाले, "पण पलीकडचं हलतंय."

"हलेल कसं? मूळ थांबलंय, तर प्रत थांबणारच."

"मूळ थांबलंय. प्रत हलतेय. हळूहळू. वर-खाली."

मी बघितलं. बघितलं म्हणजे ओझरतं बघितलं, जसं आपण मूर्ख प्रश्न विचारणाऱ्याच्या समाधानासाठी बघतो. अलीकडचं लिव्हर गप्प होतं. पलीकडचं करडं रूप सावकाश वर चढत होतं, आणि सावकाश उतरत होतं.

"माझा हात हलत असेल," मी म्हटलं. "नाहीतर तुमचे डोळे हलत असतील. रात्री झोपता की नाही?" सगळे हसले. मग हे का अशक्य आहे ते मी त्यांच्याकडे वळून समजावून सांगितलं. आवाजाची वाट, आपटण्याचा कोन, सगळं. चांगलं समजावलं. समजावता समजावता हात उचलला, प्रोब पुसला, जागेवर टांगला आणि दिवे लावले. चहाची वेळ झाली होती.

काका उठून बसले. पोट पुसलं, शर्टाची बटणं लावली.

"काका, चहा घेणार ना?"

त्यांनी मान हलवली. नको.

"आज काय तोंडात मूग गिळून बसलात? विनोद संपले वाटतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्या नजरेत, त्रासही नव्हता. खिडकीसमोर रांगेत उभा असलेला माणूस आपला नंबर पुकारला जाण्याची वाट बघतो, तसे बघत होते. मग ते वळले आणि निघून गेले. मला वाटलं, घरी काहीतरी कुरबुर झाली असेल.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी सांगितलं, काका गेले. आदल्या संध्याकाळी, घरीच.

मी काकूंना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, पण बोलायची वेळच आली नाही. काकूच बोलत होत्या.

"तुमच्याकडून आले ते एक शब्द बोलले नाहीत हो. मी विचारलं, बरं नाही का? नुसती मान हलवली. चहा ठेवला, तो घेतला नाही. खुर्चीत ताठ बसून राहिले, छाती अशी भरून. मी म्हटलं, अहो, मोकळे बसा की. तर माझ्याकडे बघेचनात. दाराकडे बघत होते. कोणी येणार होतं का त्यांच्याकडे?"

"नाही काकू, मला तरी माहीत नाही."

"मग संध्याकाळी मी हात लावला तर... तुमच्याकडे काही लागलं होतं का त्यांना? काही टोचलं होतं का?"

"छे हो. नुसतं पोट बघतो आपण. हार्टचं काही सांगता येत नाही, काकू."

फोन ठेवला आणि मी तिथेच जिन्यावर बसले. मी डॉक्टर आहे. माणूस दुपारभर श्वास धरून बसू शकत नाही हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. पण बोलायला श्वास सोडावा लागतो. आणि काका, ज्यांच्या तोंडाला कधी विसावा नव्हता, ते घरी जाऊन मरेपर्यंत बोलले नव्हते.

काल मी "सोडा" म्हटलं होतं का?

आठवेना. मी लाख वेळा ते तीन शब्द म्हटलेत, त्यामुळे म्हटल्यासारखं वाटत होतं. शंकासुर जिन्यानं खाली येत होते, त्यांना थांबवलं.

"डॉक्टर, काल काकांना मी 'सोडा' म्हणाले होते ना?"

ते जरा गोंधळले. "आठवत नाही, मॅडम. मी ते हलणारं बघत होतो." मग खाली बघत म्हणाले, "तुमचा हात नव्हता हलत. मी हातही बघितला होता."

एरवी मी त्यांना तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. त्या क्षणी मला भीती वाटली, आणि भीती वाटल्याची लाज वाटली. हार्टच असणार, मी स्वतःला सांगितलं. या वयात होतं असं.

४

त्या दिवशी बॅचची परीक्षा होती. काका नाहीत, मग झोपणार कोण? विद्यार्थ्यांना एकमेकांवर परीक्षा आम्ही देऊ देत नाही, कारण झोपलेला हळूच उत्तरं पुटपुटतो. सरांच्या बेडसाठी रुग्णालयाचा वॉचमन तयार झाला. माझ्या बेडसाठी कोणी मिळेना, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. परीक्षा पुढे ढकलली तर चालेल, असं मी म्हणणार तेवढ्यात धाकटी आली.

धाकटी म्हणजे माझी बहीण. माझ्यापेक्षा बरीच लहान. आई गेली तेव्हा तिला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती, ती मी घालायचे. आता ती आणि तिची मुलगी माझ्याकडेच राहतात. ती पोहायला शिकवते. मी घराची किल्ली विसरले होते, ती द्यायला आली होती.

सरांनी तिला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा, देवासारख्या आलात. दहा मिनिटं झोपता का बेडवर? पोट सपाट आहे, चित्र सुंदर येईल."

"ती नको," मी म्हटलं.

"का?"

सगळी बॅच माझ्याकडे बघत होती. शंकासुरही. काय सांगणार होते मी? की कालची प्रत हलली? ज्या बाईनं काल पाऊण तास प्रत हलू शकत नाही हे शिकवलं, तिनं?

"तिला घाई असेल," मी म्हटलं.

"मला कसली घाई? मुलगी चारला सुटते," धाकटी म्हणाली, आणि चपला काढून बेडवर चढलीसुद्धा. "तुझ्या पोरांचं भलं होतंय आणि माझी फुकटात तपासणी. बोला, काय करायचं?"

"श्वास धरायला सांगतील," मी म्हटलं. "सोडा म्हटलं की लगेच सोडायचा. समजलं?"

ती हसली. लहानपणी पाण्याच्या टाकीत तोंड बुडवून कोण जास्त वेळ श्वास धरतं ही आमची पैज असायची. ती कायम जिंकायची. मी घाबरून तिचे केस धरून तिला वर ओढायचे, आणि ती नाक पुसत म्हणायची, ताई, तू रडी आहेस. तेच हसू होतं ते. "तू 'सोड' म्हणेपर्यंत सोडणार नाही," ती म्हणाली. "घाबरू नकोस."

हिरवा पडदा ओढला गेला. माझ्याकडे पहिला नंबर शंकासुरांचा लागला. मी त्यांच्या खांद्यापाशी उभी राहिले आणि ठरवलं की तिसरा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही तर मी स्वतः म्हणायचा.

"श्वास घ्या," ते म्हणाले. "धरा."

चित्र खाली सरकलं. पित्ताशय, लिव्हर, पांढरी कमान, सगळं जागच्या जागी. त्यांनी भराभर नावं सांगितली, बरोबर सांगितली. मी त्यांचं ऐकत नव्हते. कमानीपलीकडे बघत होते. तिथे बघायचं नाही असं मी आयुष्यभर शिकवलं, आणि आता दुसरीकडे बघवत नव्हतं.

प्रत थांबलेली होती. जीव भांड्यात पडला.

मग ती हलली. आधी किंचित, झोपेतून जागं होताना माणूस हलतो तितकी. मग सावकाश वर चढली. आणि उतरली.

शंकासुरांनीही ते बघितलं. पण शाबास त्यांची, त्यांनी हात उचलला नाही. "आणि सोडा," ते म्हणाले. शिकवलं होतं तसं, चालीवर.

पडद्यावरच्या प्रतीनं एक खोल, लांब उतार घेतला.

धाकटीनं श्वास सोडला नाही.

५

"पुरे झाली नाटकं," मी हसत म्हणाले. हसू माझंच मला खोटं वाटलं. "सोड की गं. परीक्षा आहे त्यांची."

तिची छाती भरलेली होती. ओठ मिटलेले. डोळे उघडे, माझ्यावर. मी तिच्या गालावर चापटी मारली. खांदा हलवला. ती बघत राहिली, शांतपणे, आणि त्या नजरेची मला ओळख पटली. काल काका तसेच बघत होते.

"सोड!" मी ओरडले. "सोड, सोड, सोड!"

प्रत्येक वेळी पलीकडची प्रत मोठा उतार घेत होती. सांगितल्यासारखी.

पडद्यामागून सर धावत आले, त्यांच्यामागे सगळी बॅच. कोणीतरी तिच्या बोटाला चिमटा लावला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उत्तम होता. नाडी चालू, ओठ गुलाबी.

"आकडा चांगला आहे म्हणजे श्वास चालू आहे," सर म्हणाले. "बारीक घेत असतील. घाबरलेत त्या."

मी चष्मेवालीचा चष्मा तिच्या डोळ्यांवरून काढून घेतला आणि काच धाकटीच्या नाकाखाली धरली. काच लख्ख राहिली, वाफ धरली नाही. सरांनी ती काच बघितली, मग आकडा बघितला, मग पुन्हा काच.

"वर न्यायचं हिला," ते म्हणाले. "स्ट्रेचर आणा. मॅडम, व्हा बाजूला. डॉक्टर, काढा तो प्रोब."

शंकासुरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला आणि त्यांचा हात खालून सरकवून काढला, प्रोब तसूभरही न हलवता.

"मी हात काढणार नाही."

"मॅडम, वेळ कशाला घालवताय?"

"हात उचलला की पेशंट गेला," मी म्हणाले. कोणी हसलं नाही.

काल मी हात उचलला होता. काका उठले होते, बटणं लावली होती, घरी गेले होते, आणि त्यांना जे हवं होतं ते देणारं तिथे कोणी नव्हतं. माझं डोकं चालत नव्हतं, पण हात चालत होता, आणि हाताला एवढं कळत होतं की धाकटीचा श्वास या क्षणी जगात फक्त एकाच ठिकाणी चालू आहे, आणि ते ठिकाण माझ्या प्रोबखाली आहे. कमानीच्या पलीकडे. जिथे काही नसतं तिथे.

आणि आमचं बोलणं तिथे पोचत होतं. "सोड" म्हटलं की ते सोडत होतं. धाकटीपर्यंत शब्द जातच नव्हता. वाटेत कोणीतरी तो झेलत होतं.

पुढे जे मी केलं ते विचार करून केलं असं म्हणवत नाही. मी बहिणीकडे बघायचं सोडलं. पडद्यावर त्या करड्या रूपाकडे बघितलं आणि माझ्या रोजच्या चालीवर, रोजच्या आवाजात त्याला म्हणाले, "श्वास घ्या... धरा."

ते वर चढलं. आणि थांबलं.

माझ्या हाताखाली धाकटीचं पोट धाडकन खाली गेलं. तिच्या तोंडातून एवढा मोठा श्वास बाहेर आला की माझ्या कपाळावरचे केस उडाले.

६

मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणी पाणी आणलं, कोणी पंखा लावला. सर घाम पुसत म्हणाले की पोहणाऱ्या लोकांचं काही सांगता येत नाही, त्यांची फुप्फुसं वेगळीच असतात. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं. माझे डोळे वाहत होते आणि ते पुसायला माझ्याकडे हात नव्हता. डाव्या हातानं मी तिचं मनगट धरलं होतं आणि उजवा प्रोबवर होता.

"किती वेळ गं ताई!" धाकटी म्हणाली. धापा टाकत होती, हसत होती. "मी वाट बघतेय, बघतेय, तू म्हणतच नाहीस."

"म्हटलं की. ओरडले मी."

"ऐकू येत होतं. पण मला नव्हतीस म्हणत." तिनं कपाळाला आठी घातली. "दुसऱ्या कोणाला तरी म्हणत होतीस."

"कोणाला?"

तिनं बरगड्यांखाली, माझ्या प्रोबच्या शेजारी, बोट ठेवलं. "ते फार शहाणं आहे गं," ती हळूच म्हणाली. "सांगितलेलं लगेच ऐकतं." आणि मग स्वतःच अंग झटकून हसली. "काय बडबडतेय मी. काढ ना तो थंडगार प्रोब."

"थांब जरा."

पडद्यावर तिचं लिव्हर तिच्या हसण्याबरोबर हलत होतं. कमानीपलीकडचं गप्प होतं. वर चढलेलं, भरलेलं, थांबलेलं. धरायला सांगितलं होतं, धरून होतं. पुढचा शब्द कधी येतो त्याची वाट बघत.

तो शब्द या खोलीत दिवसातून किती वेळा म्हटला जातो, ते माझ्या त्या वेळी ध्यानात आलं.

"चला, चला," सर टाळ्या वाजवत म्हणाले. "झालं ते झालं. बाकीच्यांची परीक्षा राहिलीय. पलीकडच्या बेडवर चला सगळे. मॅडम, तुम्ही बसा बहिणीजवळ."

हिरवा पडदा पुन्हा ओढला गेला. तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. कोणी तो शब्द उच्चारू नका, असं. पण का, असं विचारलं असतं त्यांनी. मी शहाण्या माणसाला शोभेल असं एखादं वाक्य शोधत होते. बहिणीला विश्रांती हवी आहे, शांतता हवी आहे, परीक्षा उद्या घेऊ. हे बरं वाटतं, हेच सांगते, असं मनात म्हणत होते. माणसाला वेड्यात निघण्याची किती भीती वाटते! माझ्या बहिणीच्या जिवापेक्षा जास्त नव्हती ती भीती, शपथ घेऊन सांगते. फक्त जरा आधी आली.

"श्वास घ्या," पडद्यापलीकडून कोणीतरी म्हणालं. आवाज ओळखीचा नव्हता. चाल माझी होती.

"ताई, किती वाजले? चारला पोरीला आणायचंय," धाकटी म्हणत होती. "आज तिला मी कबूल केलंय की..."

"धरा," पलीकडून आवाज आला. खणखणीत, स्पष्ट, या बेडपर्यंत सहज पोचेल असा. मी तोंड उघडलं.

"आणि सोडा."

मी दचकून आवाजाच्या दिशेनं वळले. नुसती मान वळली माझी. मान वळली की मनगट वळतं.

मशीनचा पडदा काळा झाला.

मी प्रोब परत टेकवला, त्याच जागी, त्याच कोनात. माझा हात चुकत नाही. पित्ताशय आलं, लिव्हर आलं, पांढरी कमान आली. लिव्हर हलत नव्हतं. कमानीपलीकडे काहीच नव्हतं. हवा असते तिथे दिसायला हवा तसा नुसता काळोख होता, निर्दोष, मी आयुष्यभर शिकवला तसा.

"धर," मी त्या काळोखाला म्हणाले. "श्वास घ्या. धरा. धरा ना."

धाकटीचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. छाती भरलेली, ओठ मिटलेले. बोटाच्या चिमट्यावरचा आकडा उतरायला लागला होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता.

हिरवा पडदा थोडासा बाजूला झाला आणि चष्मेवालीनं आनंदानं डोकं आत घातलं.

"मॅडम," ती म्हणाली, "आता ऐकू गेलं ना?"